डेमरेज

गाला शेठनी बिल माझ्या टेबलावर ठेवलं,
पालथं.
"क्लाउड म्हणजे ढग ना? मग ढगाला भाडं कसलं?"

साकीनाका, बेअरिंगच्या दुकानावरचा दुसरा मजला.
आम्ही त्रेपन्न पतपेढ्यांचे हिशेब सांभाळतो.
पिग्मी एजंट दारोदार गोळा करतात ते दहा-वीस रुपये
खाडीपलीकडच्या कुठल्याशा इमारतीत जाऊन बसतात.
ती इमारत मी पाहिलेली नाही.

बिल उलटलं, वाचत गेले.
डेटाबेसची डिस्क : दोन हजार जीबी.
भरलेली तीनशे चाळीस.
रेहाना मुकादम म्हणाली, तेव्हा वेग हवा होता,
आणि त्या जुन्या प्रकारात वेग जागेला बांधलेला.
म्हणजे खिडकी हवी म्हणून तीन खोल्या घ्यायच्या
आणि दोन खोल्यांना कुलूप घालून राहायचं.
आता नव्या प्रकारात खिडकीचे पैसे वेगळे,
खोलीचे वेगळे.

"सगळंच स्वस्तातलं घे की," शेठ म्हणाले.
मी त्यांना आलेख दाखवला.
दुपारभर सपाट. सात वाजता उसळी,
साडेआठला परत सपाट, मग रात्रभर कुणी फिरकत नाही.
त्या दीड तासात डिस्क अडखळली
तर असल्फ्यात भाजीवालीसमोर एजंट उभा राहील
आणि तिची वीसची नोट जमा झाली की नाही
ते त्याच्या मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत राहील.
शेठ आलेखाकडे बघत राहिले.
लॉग मात्र काढले संथ डिस्कवर.
ते वाचतो ऑडिटर, तोही मार्चात.

बाबा माझगावच्या गोदीत टॅली क्लार्क होते.
खोक्यांवर खडूने खुणा करायचे,
घरी आले की बाहीवर पांढरं.
माल उतरला की तीन दिवस मोकळे,
चौथ्या दिवसापासून डेमरेज.
"माल कुणाचा ते विचारत नाही गं शेड," म्हणायचे,
"जागा अडली, मीटर पडला."

बिलाच्या चौथ्या पानावर ती ओळ होती.
आठशे जीबी. कुठल्याच सर्व्हरला न जोडलेली.
नाव : प्रज्योत-तात्पुरतं-पुसू-नका.
महिना बहात्तरशे.
प्रज्योत तांडेल नोकरी सोडून गेला
त्याला सव्वीस महिने झाले.
मी कागदावर गुणाकार केला,
मग कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

फोन केला. मस्कतमध्ये होता, मागे कुकरची शिट्टी.
"आठवत नाही बुवा," म्हणाला. "काहीतरी टेस्टिंग असेल.
पुसून टाक."

पुसण्याआधी जोडून पाहिली.
आठशे जीबीच्या त्या मैदानात एकच फोल्डर, अकरा एमबी.
चाचणीची खाती. खातेदारांच्या जागी
खारदांड्याच्या होड्यांची नावं :
हिंगळाईप्रसाद, दर्याराणी, सोनपापलेट, दोन भाऊ.
प्रत्येकीच्या नावावर रोज पाच रुपये जमा,
एकही खाडा नाही.
दोन भाऊ तेवढी कर्जात.

डिस्क वाढवता येते, लहान करता येत नाही.
म्हणून नवी घेतली, पाचशेची, वेग वेगळा मोजून,
आणि शनिवारी रात्री एकपासून
जुन्यातलं नव्यात ओतत बसलो.
रेहाना तिच्या घरून, कुर्ल्याहून, आकडे ताडून बघत होती.
त्रेपन्नपैकी बावन्न जुळल्या.
एका पतपेढीत चाळीस पैशांचा फरक.
तो शोधायला पावणेदोन तास लागले;
चूक त्यांचीच, जुनी, आमच्याही आधीची.
पाच वाजता मी जुनी डिस्क पुसली.
मग प्रज्योतची.
"नक्की?" असं दोन्ही वेळा विचारलं त्याने.

पुढच्या महिन्यात बिल निम्म्याखाली आलं.
शेठनी या वेळी ते सरळ ठेवलं, वर बाकरवडीचा पुडा.
"काही राहिलं का अजून काढायचं?"

नाही, म्हटलं.
नव्या डिस्कच्या एका कोपऱ्यात अकरा एमबी आहे.
मी हिशेब केलाय : महिना आठ पैसे.
कुठल्या खात्यावर टाकू ते ठरत नाहीये.